घरी केलेलं, पण कुणी?

डिसेंबर संपत आला की आमच्या टीमच्या ग्रुपवर दरवर्षी एक मेसेज पडतो. "रत्नागिरीकर, यंदा हलवा कधी?" गेली दोन वर्षं हा मेसेज वाचून माझ्या पोटात थोडं कसंतरी होतं. आधी व्हायचं नाही. आधी मी "येतोय येतोय, संक्रांतीला" असं लिहून वर एक स्मायली टाकायचो आणि घरी फोन लावायचो.

तर झालं असं. 2023 च्या डिसेंबरात क्लायंटकडचा एक आर्किटेक्ट आठवडाभर पुण्याच्या ऑफिसात आला होता. वय पन्नाशीच्या पुढे, बोलणं कमी, डिझाईन रिव्ह्यूमध्ये मात्र सालं काढणारा. शेवटच्या दिवशी त्याने प्रत्येकाच्या टेबलावर एकेक कागदी पुडी ठेवली. आत पांढरे चौकोनी मऊ तुकडे, वर दालचिनी आणि जायफळाची भुकटी. मार्शमेलो. आम्हाला मार्शमेलो म्हणजे मॉलमधला गुलाबी-पांढरा कापूस माहीत, तो हा नव्हता. एकाने लगेच विचारलं, यात जिलेटिन असतं ना? (जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून काढतात, त्यामुळे आमच्या टीममधली निम्मी माणसं तिथेच बाद.) तो म्हणाला, माहीत आहे, म्हणून भारतासाठीचा हा वेगळा घाणा अगर-अगर घालून केलाय. अगर-अगर म्हणजे आपलं चायना ग्रास. मग सांगत बसला, की पहिले दोन घाणे फुकट गेले, कारण जिलेटिनच्या मापाने अगर चालत नाही. साखरेचा पाक किती अंशांवर उतरवला, किती वेळ फेटला, हे सगळं त्याच्या फोनमध्ये लिहिलेलं होतं. स्वतः केलं होतं त्याने. दोन वीकेंड घालवून.

पुढच्या महिन्यात, 15 जानेवारी 2024 ला संक्रांत होती. मी नेहमीप्रमाणे घरून काटेरी हलव्याचे पुडे आणले होते, बावीस. एक त्याला कुरियरने पाठवला. चिठ्ठीवर झोकात लिहिलं, 'होममेड'. दहा-बारा दिवसांनी कॉल होता, तो संपताना म्हणाला, हे फार सुंदर आहे, पण मला एक सांग, हे काटे कसे येतात? साच्यात तर घालता येणार नाहीत.

मला माहीत नव्हतं.

म्हणजे अगदीच माहीत नव्हतं असं नाही. परात असते, शेगडी असते, पाक असतो, आई सकाळी उठून काहीतरी हलवत बसलेली असते. पण काटा का येतो, केव्हा येतो, किती वेळ लागतो, शून्य. मी म्हटलं, ॲक्च्युअली माझी आई करते. तो म्हणाला, मग त्यांना माझे आभार सांग, मला वाटलं तू केलास. एवढंच. टोमणा वगैरे काही नव्हता त्यात. पण कॉल कट केल्यावर मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसलो होतो.

आपल्या भाषेत 'घरी केलेलं' हे एक अजब विशेषण आहे. त्यात कर्ताच नाही. घरी केलेलं, घरचं, घरगुती. घर करतं! जणू भिंतींनी रात्रीतून अनारसे थापले. आम्ही कोड लिहितो तेव्हा प्रत्येक ओळीमागे नाव असतं. कुणी, कधी, का बदललं ते एका कमांडवर दिसतं, आणि त्या कमांडचं नावच मुळी 'ब्लेम' आहे. दिवाळीच्या डब्यावर मात्र असं काही चालत नाही. डबा मी नेला म्हणून डबा माझा. "वा, काय मस्त चकल्या आहेत तुझ्या" असं कुणी म्हणालं की मी "थँक्यू" म्हणतो. पाच वर्षं म्हणत होतो.

माझं म्हणणं साधं आहे, आणि काही मित्रांना ते आवडलेलं नाही. हाताने केलेलं गिफ्ट द्यायचं असेल तर हात आपले हवेत. ते जमत नसेल तर विकत घ्यावं, करणाऱ्याचं नाव लावून, करणाऱ्याने सांगितलेल्या किमतीला. तिसरा रस्ता, म्हणजे आईकडून करवून घेऊन आपल्या नावावर वाटणं, हा आपण सगळ्यांनी, विशेषतः माझ्यासारख्या गावाकडून डबे घेऊन शहरात येणाऱ्या मुलांनी, आता बंद करायला हवा. हे मी कुठल्या तत्त्वावरून म्हणत नाहीये. मी ते करून बघितलं, म्हणून म्हणतोय.

2025 च्या जानेवारीत मी दोन आठवडे घरून काम घेतलं आणि रत्नागिरीला आलो. पहिल्या शनिवारी, 4 तारखेला, आईला म्हटलं, यंदा हलवा मी करणार. ती म्हणाली, "कर की." आणि पेपर वाचत बसली. मी बाजारातून पाव किलो तीळ आणले होते. ते बघून मात्र ती जी हसली! "अरे, एवढ्या तिळाचा हलवा करायला गाव लागेल. दोन चमचे घे." मला वाटलं चेष्टा करते. पण हिशोब बघा: तीळ एवढासा, दोन छोट्या चमच्यांत ते दीड-दोन हजार सहज मावतात. प्रत्येकावर साखरेचे थर चढून त्याचा चांगला टपोरा दाणा झाला की त्याच दोन चमच्यांचा पाव किलो हलवा होतो. हलव्यात तीळ जवळजवळ नसतोच. असते ती साखर, आणि वेळ.

कृती सांगायला तीन वाक्यं पुरतात. साखर आणि पाणी उकळायचं, त्यात चमचाभर दूध घालून वर येणारी मळी काढायची, फडक्यातून गाळायचं, एकतारीच्या आसपास पाक ठेवायचा. पितळेची परात मंद आचेवर ठेवून त्यात भाजलेले तीळ घालायचे. चमचाभर पाक टाकायचा, बोटांनी हलवत राहायचं, सुकला की पुढचा चमचा. (हलवत राहायचं म्हणून हलवा, असं मला लहानपणी वाटायचं. शब्द खरा अरबी, अर्थ 'गोड'. पण माझी व्युत्पत्ती अनुभवाला जास्त धरून आहे.)

तिसऱ्या वाक्यात सगळी गोम आहे. 'सुकला की पुढचा चमचा'. सुकायला आठ ते दहा मिनिटं लागतात. असे साठेक चमचे. आणि त्या आठ-दहा मिनिटांत हात परातीतून काढायचा नाही, कारण काढला की दाणे एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात. आच जास्त झाली तर पाक दाण्यावर बसण्याआधीच सुकून त्याचा भुगा होतो. तो भुगा वेळोवेळी चाळून काढावा लागतो, परात पुसून घ्यावी लागते, नाहीतर काटा धरत नाही. आच कमी झाली तर चिकट लगदा. परातीचा पितळी तळ तापलेला आणि त्याच्यावर उघडी बोटं. माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीला पहिल्या तासातच फोड आला. आई म्हणाली, "बोटं परातीला लावायची नाहीत, दाण्यांना लावायची." हे म्हणजे पोहायला शिकवताना पाणी गिळू नकोस म्हणण्यासारखं झालं.

पहिला घाणा दुपारी दीडला सुरू केला होता. चार वाजेपर्यंत दाणे छान पांढरे झाले, मी फोटोही काढला. साडेचारला ते ओलसर दिसायला लागले. पाचला सगळं एकमेकांना चिकटलं. मी आच वाढवली, तर तपकिरी झालं. आई आत येऊन बघून गेली, काही बोलली नाही. रात्री जेवताना म्हणाली, "दुपारी समुद्राचा वारा येतो ना. तेव्हा नाही व्हायचा. पहाटे बस."

इथे मला शाळेतला भूगोल आठवला. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतात ते खारे वारे, रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे जातात ते मतलई वारे. पाचवी-सहावीत पाठ करून दोन मार्क मिळवले होते. साखर हवेतला ओलावा ओढून घेते, खारा वारा ओलावा घेऊन येतो, मतलई वारा त्या मानाने कोरडा. पुण्यात जानेवारीत पारा दहा-बारापर्यंत उतरतो, हवा खडखडीत कोरडी, तिथे काटा पटकन येतो. रत्नागिरीत थंडी म्हणजे पहाटेपुरती, पारा अठरा-वीस झाला की आम्ही स्वेटर काढतो. तेव्हा इथे हलवा करायला खिडकी मिळते ती पहाटे साडेचार ते आठ-साडेआठ. एवढीच. आई लहानपणापासून त्याच वेळेला शेगडीपुढे बसलेली मी बघत आलोय, आणि मला आपलं वाटायचं की दिवसा तिला घरकाम असतं म्हणून ती पहाटे उठते. म्हणजे तेही होतंच. पण तिला हवा कळत होती. भूगोलाचे दोन मार्क मला मिळाले होते.

दुसरा घाणा पहाटे. तोही गेला, माझ्याच चुकीने. घाईत दोन चमचे पाक एकदम घातला. एका सेकंदात दोन हजार दाण्यांचे तीसेक लाडू. तिसरा घाणा तीन पहाटांत मिळून झाला. पहिल्या दिवशी नुसता पांढरा रंग. दुसऱ्या दिवशी दाणा मोठा झाला, पण गुळगुळीत. मी वैतागून म्हटलं, हा हलवा नाही, होमिओपॅथीच्या गोळ्या झाल्यात. तिसऱ्या दिवशी सव्वासातच्या सुमाराला बोटांना काहीतरी वेगळं लागलं. खरखरीत. उजेडात नेऊन बघितलं तर प्रत्येक दाण्याला बारीक बारीक टोकं आली होती. मी पहिलं प्रोग्रॅम रन झाल्यावरही एवढा ओरडलो नसेन.

काटा का येतो याचं स्पष्टीकरण मी नंतर शोधलं, आणि शोधता शोधता भलतीकडेच जाऊन पोचलो. जपानमध्ये कोंपेइतो नावाची अगदी आपल्या हलव्यासारखी काटेरी साखरगोळी असते. शब्द मुळात पोर्तुगीज, 'कोन्फेइतो'. लुईश फ्रोइश या जेझुइट पाद्र्याने 1569 मध्ये ओदा नोबुनागाला काचेच्या बाटलीतून ती भेट दिली, आणि ही गोष्ट जपानच्या इतिहासात नोंदलेली आहे. आधी खसखस किंवा तीळ मध्ये घालून करत, तिरक्या तापलेल्या कढईत, पाक थोडा थोडा शिंपडत. आजही एक घाणा व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि राजघराण्यातल्या समारंभांत छोट्या नक्षीदार डबीतून ती पाहुण्यांना देतात. टेराडा तोराहिको (1878-1935) हा जपानी भौतिकशास्त्रज्ञ या काट्यांनी इतका झपाटला होता की त्याने त्यावर लेख लिहिला. गोळी सगळीकडून सारखीच वाढायला हवी, मग काटे का, हा त्याचा प्रश्न. साधारण उत्तर असं, की कुठेतरी योगायोगाने जरासा उंचवटा येतो. उंचवटा आजूबाजूच्या खळग्यापेक्षा पाकाला आणि तापलेल्या तळाला आधी भिडतो. म्हणून तिथे साखर जास्त बसते. म्हणून तो अजून उंच होतो. ज्याच्याकडे आहे त्यालाच आणखी. अप्रेझल सायकलसारखं.

इंग्लंडमध्येही हेच चालायचं. ह्यू प्लॅट नावाच्या गृहस्थाने 1602 च्या एका पुस्तकात बडीशेप, धणे, दालचिनीच्या काड्या यांवर साखर चढवायची रीत दिली आहे: टांगलेलं पितळी भांडं, खाली निखारे, पळीने पाक, हाताने हलवणं. पुस्तकाचं नाव 'डिलाइट्स फॉर लेडीज'. म्हणजे करायचं कुणी ते मुखपृष्ठावरच ठरलेलं, आणि लेखक म्हणून नाव गृहस्थाचं. नोबुनागाला बाटली देणाऱ्या फ्रोइशचं नाव साडेचारशे वर्षं टिकलं. त्या बाटलीतली साखर कुणाच्या बोटांनी फिरवली होती? लिस्बनमध्ये, गोव्यात, कुठे? कुणी लिहून ठेवलेलं नाही. घरी केलेलं होतं म्हणा.

असो. त्या दालचिनीच्या काड्या वाचून मला एक कल्पना सुचली. पूर्वी आमची आजी लवंगेचा आणि वेलदोड्याच्या दाण्यांचाही हलवा करायची, हे आई सांगते. रत्नागिरीत मसाल्याला तोटा नाही. नारळ-पोफळीच्या बागेत मध्ये मध्ये जायफळ, दालचिनी, मिरी, लवंग लावायची पद्धत इथे चांगली रुजली आहे. भाट्ये गावच्या नारळ संशोधन केंद्राने 'लाखी बाग' म्हणून तिचा प्रसार केला. आमच्या मामाकडे थोडी झाडं आहेत. त्याच्याकडून लवंगा आणि दालचिनी आणली आणि चौथा घाणा लवंगेवर केला. शंभर-सव्वाशे लवंगा. लवंगेला चार पाकळ्या आणि टोपी, त्यामुळे तिच्यावर पाक लवकर धरतो आणि ती फुलासारखी दिसते. पाकात दालचिनीचा तुकडा उकळून गाळून घेतला होता, तर पांढरा रंग गेला आणि फिकट बदामी आला. आई म्हणाली, "मळकट दिसतोय, पण वास चांगला आहे." हे तिच्याकडून डिस्टिंक्शन समजायचं.

आता आकडे. पाव किलोच्या घाण्याला, काही बिघडलं नाही तर, साठ चमचे गुणिले नऊ मिनिटं. नऊ तास. मी दरवर्षी बावीस पुडे न्यायचो, प्रत्येकी पन्नास ग्रॅम, म्हणजे अकराशे ग्रॅम. साडेचार घाणे. चाळीस तास. टाइमशीटच्या भाषेत एक अख्खा आठवडा, पहाटे साडेचारला उठून, चार-चार तासांच्या तुकड्यांत. आईचा हात माझ्यापेक्षा चालता आहे, तिची परात मोठी आहे, तिला तीस तास लागत असतील. आणि हे तिच्या नेहमीच्या कामांवर. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा वेळ सरासरी 299 मिनिटं निघाला, घरकाम करणाऱ्या पुरुषांचा 97. 2024 मध्ये पुन्हा मोजलं, 289 आणि 88. म्हणजे पाच वर्षांत दोघांचाही वेळ थोडा कमी झाला, अंतर तेवढंच राहिलं. माझे बावीस पुडे या 289 च्या वरचे.

आणि मी तिला काय म्हणायचो? "अगं, एवढासा तर हलवा, करतेसच ना दरवर्षी."

हे मी एका मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, तू उगाच गिल्ट घेतोयस, आयांना आवडतं हे करायला. माझाही तोच समज होता. म्हणून विचारलं. लवंगा निवडत बसलो होतो दोघं, तेव्हा सरळच विचारलं, की तुला आवडतं का हलवा करायला. ती म्हणाली, "आवडतं. हळदीकुंकवाला येतात त्यांना माझ्या हातचा देते, सगळ्या विचारतात काटा कसा आला म्हणून. ते माझं असतं." मग थोडं थांबून, "तुझ्या ऑफिसचा म्हणजे ऑर्डर असते. ते कोण, त्यांना आवडला का, मला काही कळत नाही. डबे पण परत येत नाहीत."

डबे परत येत नाहीत! पाच वर्षं गुणिले बावीस. मी डबे मोजले नव्हते कधी.

मला वाटतं या एका उत्तरात सगळं आलं. हळदीकुंकवाला ती जे देते ते गिफ्ट आहे: देणारी ती, घेणारी समोर, काट्याचं कौतुक तिच्या वाट्याला. ऑफिसचे पुडे हे काम आहे, बिनपगारी, आणि त्याचं क्रेडिट मी घेतो. पदार्थ तोच, परात तीच, बोटं तीच. म्हणून "आयांना आवडतं" हे खरं असूनही माझ्या मित्राचा मुद्दा चुकतो.

दुसरा आक्षेप असा येतो, की वेळ कुणाकडे आहे? बरोबर आहे. मलाही नाही. शेवटी 2025 ला मी ऑफिसात काय नेलं, तर बावीस पुड्यांऐवजी पाच-पाच लवंगांच्या बावीस पुड्या. कागदाच्या, एवढ्या एवढ्याशा. पूर्वी संक्रांतीच्या भेटकार्डाबरोबर टाचणीएवढी हलव्याची पुडी पोस्टाने यायची, पाच-दहा दाण्यांची, ती लहानपणी घरी जपून ठेवलेली बघितली होती. तेव्हा कंजूसपणा वाटायचा. आता कळतं, ज्याने परात हलवली आहे त्याला दहा दाणे म्हणजे काय ते माहीत असतं. आणि टीममध्येही लोकांनी त्या पाच लवंगा मूठभर तोंडात टाकल्या नाहीत. एकेक बघत खाल्ल्या. एकीने तर विचारलं, "हे तू? स्वतः?" फोड दाखवला.

ज्यांना पाच लवंगांचाही वेळ नाही त्यांनी विकत घ्यावा, त्यात काही कमीपणा नाही. पण मग नीट घ्यावा. आमच्या आळीत एक काकी डिसेंबरपासून हलव्याच्या ऑर्डरी घेतात, नव्या सुनांच्या आणि बोरन्हाणाच्या दागिन्यांच्याही. मी एका कलीगला त्यांचा नंबर दिला होता. त्याने किंमत ऐकून मला मेसेज केला, "अरे, साखरच तर आहे, ॲपवर याच्या अर्ध्यात येतो." हाच माणूस आमच्या क्लायंटला सांगतो की सॉफ्टवेअरची किंमत हार्डडिस्कच्या वजनावर ठरत नसते. त्याला मी चाळीस तासांचा हिशोब पाठवला. त्याने अंगठ्याची खूण पाठवली आणि ॲपवरून मागवला. मशीनच्या ड्रममध्ये फिरवलेला तो हलवाही वाईट नसतो हं, टपोरा असतो, काटाही असतो. तोही द्यावा. फक्त 'घरगुती' म्हणून देऊ नये.

यंदा संक्रांत 14 जानेवारीला, बुधवारी आहे. ग्रुपवर मेसेज पडलेला आहे. मी उत्तर लिहिलंय, की हलवा मिळेल, प्रत्येकी पाच दाणे, लवंग आणि वेलदोडा, करणार मी. ज्याला जास्त हवा त्याला काकींचा नंबर देईन, घासाघीस करायची नाही. आणि ज्यांच्याकडे आईचे स्टीलचे डबे आहेत त्यांनी ते आणून माझ्या टेबलावर ठेवावेत.

आत्तापर्यंत सात आलेत. एका डब्याच्या तळाशी कोरलेलं नाव आहे, तेही आईचं नाही, आजीचं.